पाणी गोष्ट संपल्यावर

सरांबद्दल सांगायला बसायचं तर आधी समोर पाणी भरून ठेवावं लागतं आणि गोष्ट संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हा नियम त्यांचाच. मी पाणी ठेवलंय.

पांढरीपांडे सर नागपूरचे. तिथल्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं एम.ए.च्या मुलांना साहित्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी मीनल कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या क्यूबमध्ये बसायची. आम्ही दोघी एकाच चिपमधल्या चुका शोधायचो. तिचा नवरा टेक्सासला नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्यामुळे सर दरवर्षी उन्हाळ्यात तिच्याकडे येऊन राहायचे. काकू मात्र कधी आल्या नाहीत. त्यांची नव्वदीची आई त्यांच्याजवळ असायची, आणि ती म्हातारी म्हणायची, "विमानात बसायचं असेल तर आधी मला वर पोचव, मग खुशाल जा."

माझी त्यांची गाठ पडली ती दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, एका पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. उंच, जरा वाकलेले, अंगात आमच्या कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट, त्यावर भर उन्हात हाफ स्वेटर, पायात पांढरेशुभ्र बूट. आमच्यातल्या एका हौशी कवीने आईवरची कविता म्हटली. टाळ्या झाल्या. सर टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे कशासाठी?"

"म्हणजे?" कवी म्हणाला.

"म्हणजे ऐकायच्या आधी मी जो होतो त्यात ऐकल्यावर काय फरक पडला? मला तर काही जाणवून नाही राहिला. तुम्हाला पडला का?"

कवीने पुलावाकडे पाहिलं. त्यानंतर तो सर असतील त्या पॉटलकला आला नाही. मला सरांचा राग आला. माणूस पाहुणा म्हणून येतो आणि यजमानांची अब्रू काढतो! मी तोंडावरच विचारलं, "सर, प्रत्येक गोष्टीचा उपयोग असलाच पाहिजे का?"

"पुणेकर का?"

"हो."

"वाटलंच. शनिवारी ये. उत्तर देतो."

एका शनिवारचे मग दोन-तीन उन्हाळे झाले. अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी दहाला आम्ही सात-आठ जण जमायचो. सगळे इंजिनीअर. शाळा सुटल्यावर मराठी पुस्तक हातात न घेतलेलेही त्यात होते. सर नागपूरहून आणलेलं पितळी फुलपात्र समोर ठेवायचे आणि सुरू करायचे.

"अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या एका शहरात दोन मास्तर होऊन गेले. एक मोठे मास्तर, दुसरे त्यांचेच विद्यार्थी, धाकटे मास्तर. नावं सांगणार नाही. नावं पाठ केली की परीक्षा पास होते, डोकं नापास होतं."

मोठ्या मास्तरांना एक आदर्श नगर वसवायचं होतं आणि त्यात कवी नको होते. पण हाकलायचे तेही रीतीने, डोक्यावर अत्तर ओतून, सत्कार करून, वेशीपर्यंत पोचवून. "पाहा," सर म्हणायचे, "आपण सत्कार करतो आणि वेशीच्या आत ठेवतो. म्हणून हा घोळ." का नकोत कवी? तर ते नकलेची नक्कल करतात. खरा पलंग देवाच्या कल्पनेत. सुतार त्याची नक्कल करतो. चित्रकार सुताराच्या पलंगाची नक्कल करतो, आणि त्या पलंगावर कोणालाच झोपता येत नाही.

यावर आमच्यातला संदीप म्हणाला, "म्हणजे सर, कागदावरचं स्पेक, त्यावरून सिलिकॉन आणि मग मार्केटिंगची स्लाइड." सर इतके खूश झाले की उठून त्याची पाठ थोपटली. म्हणाले, बत्तीस वर्षांत एम.ए.च्या एकाही पोराला हे इतक्या लवकर कळलं नव्हतं.

मोठ्या मास्तरांची दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. माणसाच्या आत काही भावना असतात, रडणं, हळहळणं, त्या सुकू द्यायच्या असतात. कवी नेमकं त्यांनाच पाणी घालतो. धाकटे मास्तर इथे गुरूशी भांडले. ते म्हणाले, नाटक बघून माणसाला दया येते, भीती वाटते, तो रडतो आणि हलका होऊन घरी जातो. आतलं साचलेलं धुऊन निघतं. "आपल्या पंडितांनी याला शब्द केला विरेचन. वर्गात पोरं हसायची, कारण घरी आजी एरंडेल देऊन तेच करायची. हसू द्या. धाकट्या मास्तरांचे वडील वैद्यच होते."

सर कायम धाकट्यांच्या बाजूचे. पण एक अट घालायचे. "नुसतं रडून भागत नाही. आरंभ, मध्य, अंत असलेली गोष्ट लागते. गोष्टीशिवाय रडणं म्हणजे नुसता नळ गळणं."

हे सगळं क्लबहाऊसपुरतंच राहिलं असतं. पण पुढच्या वर्षी संदीपचे वडील तिकडे अकोल्याला वारले. त्याचं ग्रीन कार्ड अशा टप्प्यावर होतं की देशाबाहेर पडला तर सगळं पाण्यात, असं वकिलाने सांगितलेलं. तिकडे घरी कोणी गेलं की आमच्याकडे एक रीत होती, अजूनही आहे. बातमी फिरते, सगळे डबे घेऊन त्या घरी जातात, दाराशी बुटांचा ढीग पडतो. आत सगळे गालिच्यावर भिंतीला टेकून बसतात. स्पीकरफोनवर तिकडचे विधी ऐकू येत असतात. आणि काय बोलायचं ते कोणालाच सुचत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "स्ट्राँग राहा यार." दुसरा म्हणतो, "सुटले रे, हाल झाले नाहीत." संदीप नुसता मान हलवत होता. दोन दिवस त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

सर म्हणाले, "गप्प बसा सगळे." स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरून आणला, संदीपसमोर ठेवला. "बाबांची एक गोष्ट सांग. एकच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये कोणी बोलणार नाही, कोणी पाठीवर हात ठेवणार नाही. पाणी गोष्ट संपल्यावर."

संदीप म्हणाला, वडील एसटी डेपोत मेकॅनिक. त्याला नागपूरला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते नवी गादी घेऊन सोबत आले. रिक्षा केली नाही. स्टँडपासून होस्टेलपर्यंत गादी डोक्यावर. पोरगा लाजून वीस पावलं मागे चालत होता. खोलीवर गेल्यावर वडिलांनी गादी अंथरली, चपला काढल्या आणि स्वतः तिच्यावर पाच मिनिटं आडवे झाले. उठले, म्हणाले, "चांगली आहे," आणि परतीची बस पकडायला गेले. हे सांगताना संदीप आधी हसला. "चांगली आहे" पर्यंत आला आणि जो रडला! आमच्यापैकी कोणीही जागचं हललं नाही. बऱ्याच वेळाने तो थांबला, तेव्हा सरांनी पेला त्याच्या हातात दिला.

तेव्हापासून कोणाकडे असं झालं की डबे कोण आणतंय याच्या आधी विचारलं जायचं, सरांना कोण घेऊन येतंय? सर मागच्या सीटवर बसून यायचे, वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. आत जाऊन पाणी भरायचे.

एकदाच ते चिडलेले पाहिले. कोल्हापूरच्या अश्विनीची आई गेल्याचं तिला घरच्यांनी आठ दिवसांनी कळवलं. तिचं प्रॉडक्ट रिलीज होतं, डिस्टर्ब नको, म्हणून मामा रोज फोनवर सांगत राहिला, "झोपलीय, बरी आहे." ही आमच्याकडची दुसरी रीत. परदेशातल्या माणसाला खरं सांगायचं नाही. प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी झालेलं आहे. अश्विनीला गोष्ट सांगता आली नाही. आरंभ केला की ती मामावर यायची. सर बाहेर येऊन दाराशी बूट घालता घालता म्हणाले, "खोटं बोलायचं तर गोष्टीत बोला. फोनवर काऊन बोलता?"

मी म्हटलं, "सर, मोठे मास्तरसुद्धा म्हणतात ना, खोटं हे औषध म्हणून चालतं?"

"वैद्याच्या हातात! तुमच्या मामाच्या हातात नाही."

शनिवारी साडेआठला, बैठकीच्या आधी, सरांना नागपूरला फोन लावून देणं हे माझं काम. इंडियन स्टोअरमधून फोनचं कार्ड आणायचं, त्यावरची चंदेरी पट्टी नाण्याने खरवडायची, आतला लांबलचक नंबर दाबायचा, मग नागपूरचा. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना ते आकडे दिसायचे नाहीत. काकू उचलायच्या आणि सरांच्या आधी दोन मिनिटं माझ्याशी बोलायच्या. "जेवून राहिले न बरोबर? स्वेटर धुवायला टाकायला सांग. सांगितल्याशिवाय काढत नाहीत. आणि तू जेवली का?" मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण माझ्या आईनंतर माझ्या जेवणाखाण्याची चौकशी करणारा तो एकच आवाज होता.

दोन हजार सहाच्या जुलैत सरांची बायपास झाली. हॉस्पिटलने त्यांच्या मनगटावर अडकवलेल्या पट्टीत आडनाव मावलं नव्हतं, मधेच तुटलं होतं. ते सगळ्या नर्सना ती पट्टी दाखवत होते. "आरंभ आहे, मध्य आहे, अंतच नाही." मी काकूंना कळवायला फोन केला. त्या शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आता माझंही ऐक. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मीनलला सांगितलंय. ह्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. मी गेले तरी लगेच सांगू नका. छातीची जखम जरा भरून येऊ दे."

"काकू, सरांना असं खोटं चालत नाही."

"मला माहीत नाही का? पन्नास वर्षं झाली." मग म्हणाल्या, "आमचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. हे तिसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. वर्गात विरेचनच शिकवलं म्हणे. तेव्हापासून लोकांना रडवतात, स्वतः नाही. त्यांना रडता येत नाही गं. बाहेर नाही आलं की ते छातीतच जाईल."

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी काकू गेल्या. सरांचे टाके अजून पुरते भरले नव्हते. डॉक्टरने मीनलला सांगितलं, अजून काही दिवस धक्का टाळा. विमान तर नकोच. मीनल आईच्या अंत्यविधीला गेली नाही. गेली असती तर वडिलांना काय कारण सांगणार? तिच्या चुलतभावाने तिकडे हॉस्पिटलातूनच परस्पर सगळं केलं. आम्ही सगळे तिच्या बाजूने उभे राहिलो. ज्यांना सरांनी रडायला शिकवलं तेच आम्ही, चेहरे धुऊन त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

त्या शनिवारी साडेआठला मी नेहमीप्रमाणे कार्ड घेऊन गेले. सोफ्यावर बसून नंबर दाबल्यासारखं केलं. म्हटलं, "सर, लागत नाहीये. लाइन डाउन दिसतेय."

"बरं," सर म्हणाले. "पुढच्या शनिवारी बघू."

मला हायसं वाटलं. त्या दिवशी क्लबहाऊसऐवजी मीनलच्याच घरी बैठक झाली. सर नेहमीपेक्षा जास्त बोलले. नाटकात ओळख पटण्याचा एक क्षण असतो, असं धाकटे मास्तर सांगतात. तोवर अज्ञानात असलेल्या माणसाला त्या क्षणी सगळं कळतं. "प्रेक्षकाला आधी कळतं, पात्राला शेवटी. म्हणून प्रेक्षकाला त्याची दया येते." मग म्हणाले, "पण समजा, पात्राला आधीच कळलेलं असलं, तर दया कोणी कोणाची करायची?" मी वहीत प्रश्न उतरवून घेतला. शहाणीच मी!

पुढच्या शनिवारी डॉक्टरने होकार दिला. आम्ही सगळे जमलो. दाराशी बुटांचा ढीग पडला. मीनल त्यांच्या पायाशी बसली. "बाबा..." एवढंच म्हणाली.

"माहीत आहे," सर म्हणाले. "मागच्या शनिवारपासून."

स्वेटरच्या खिशातून त्यांनी मी सोफ्यावर विसरलेलं फोनचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. चंदेरी पट्टी जशीच्या तशी होती. मी ती खरवडायलाच विसरले होते. कार्ड न खरवडताच नंबर दाबत होते.

"आकडे दिसत नाहीत मला. पण बोटाला पट्टी लागते," ते म्हणाले. "मग हिच्याकडे बघितलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडून राहिली होती रोज. मी बोललो असतो तर माझ्यापुढे रडणं आलं, मग माझ्या छातीची काळजी आली. म्हटलं, चालू द्या तुमचं."

मीनलच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. बापासाठी ती आईला पोचवायला गेली नाही, आणि बाप तिच्यासाठी आठवडाभर गप्प राहिला. संदीप उठला. पितळी फुलपात्र भरून त्याने सरांसमोर ठेवलं. "सर, काकूंची एक गोष्ट सांगा."

आम्ही गप्प बसलो, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. सरांनी फुलपात्राकडे पाहिलं. "एकदा मालती..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "एकदा..." मला आयुष्यात कसलीच इतकी लाज वाटली नव्हती.

"आरंभ सापडून नाही राहिला," ते शेवटी म्हणाले. "शिळं झालं रे. आठवडाभर झाकून ठेवलं. जा तुम्ही. जेवून घ्या."

त्यानंतर शनिवारची बैठक झाली नाही. सर गॅलरीत बसायचे. मी जायचे, शेजारी बसायचे. एकदा म्हणाले, मोठ्या मास्तरांना आपण उगाच नावं ठेवली. मी वाद घालायला हवा होता. घातला नाही.

नोव्हेंबरात ते कायमचे परत निघाले. विमानतळावर मीनल बॅगांच्या रांगेत उभी होती. मी आणि सर बाकावर बसलो. मी त्यांना पाण्याची बाटली आणून दिली होती, ती मांडीवर धरून ते बसले होते.

"तिथे सासूबाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना अजून सांगितलेलं नाही."

"काय? मग काकू कुठे आहेत म्हणून सांगितलंय त्यांना?"

"अमेरिकेला. माझं ऑपरेशन झालं म्हणून माझ्याकडे गेली, असं." ते माझ्याकडे वळले. "आता मी एकटा दारात उभा राहिलो की त्या विचारतील, माली कुठे आहे? मी कोण होऊन उत्तर देऊ? वैद्य होऊन की मामा होऊन?"

माझ्याजवळ एकच वस्तू होती, ती मी दिली. काकूंना दिलेला शब्द मोडला. तो जुलैतला फोन पहिल्यापासून सांगितला. मनगटावरच्या पट्टीचं मी त्यांना सांगितल्यावर त्या हसल्या होत्या ते, गाठीचं, "लगेच सांगू नका" ते, आठ महिन्यांच्या मुलाचं आणि तिसऱ्या दिवशीच्या वर्गाचं. सर मान खाली घालून ऐकत होते. मी मध्ये थांबले नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता, ठेवला नाही.

"म्हणजे नाटक तिचं होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि तुम्ही सगळी पात्रं."

"हो."

"बाकी चांगलं रचलं होतं. कार्ड तेवढं खरवडायचं होतं." मला वाटलं, आता. आता येईल. त्यांचे डोळे भरले होते, मी शपथेवर सांगते. तेवढ्यात मीनल बोर्डिंग पास घेऊन आली आणि ते उठले.

सासूबाईंना त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. मीनललाही नाही. म्हातारी पुढच्या वर्षी गेली आणि सर दोन हजार आठमध्ये. नागपूरहून फोन आला तो त्याच दिवशी, खरं सांगणारा. त्यांनी तशी चिठ्ठी लिहून ठेवली होती. आम्ही मीनलकडे जमलो, पाणी ठेवलं, आणि सगळ्यांनी मला सांगायला सांगितलं. मी सांगितलं ते हेच, आणि तेही इथपर्यंतच येऊन थांबलं. पुढचं, तेव्हा न सांगितलेलं, एवढंच आहे.

सिक्युरिटीच्या दोरीपाशी निरोप घेतला. त्या वर्षीपासून पाणी आत नेऊ देत नव्हते. तिथल्या बाईने बाटलीकडे बोट दाखवून सरांना सांगितलं, पिऊन टाका नाहीतर टाकून द्या. सरांनी झाकणावर हात ठेवला. वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, प्या म्हणून. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि न उघडलेली, गळ्यापर्यंत भरलेली बाटली पिंपात सोडली. मग बूट काढायला खाली वाकले, आणि रांग पुढे सरकली.